बाकांखालचा आवाज

साउंडमास्तर समोरून येताना दिसले की माणसं बोलायची थांबत. कोल्हापूर हे मोठ्यानं बोलणारं गाव. दोघं एकमेकांची खुशाली विचारत असले तरी तिसऱ्याला भांडण जुंपलंय असं वाटावं. पण हे गृहस्थ हॉटेलात शिरले, की मिसळीच्या टेबलापासून गल्ल्यापर्यंत सगळे चमच्यांशी खेळायला लागत. चहा किती हवेत ते मालक बोटांनी विचारी. मास्तर कोपऱ्यात बसत, कानातले कापसाचे बोळे काढून बशीच्या कडेला ठेवत, चहा संपवत, बोळे पुन्हा कानात घालत आणि निघून जात. लोक आपल्याला भितात याचं त्यांना काही वाटत नसावं. मला तर शंका आहे, की तेवढी शांतता मिळावी म्हणूनच ते हॉटेलात जात.

त्यात त्यांच्या चपला. कोल्हापुरी चपलेची करकर म्हणजे घालणाऱ्याची ऐट. चांभाराकडून मुद्दाम वाजणारी चप्पल करून घेणारी माणसं आमच्या गावात ढिगानं. मास्तर मात्र नवी जोडी आठवडाभर तेलात भिजत ठेवत, तिचा शेवटचा आवाज मरेपर्यंत. त्यामुळे ते कधी आले ते कळत नसे. आपण कुणाशी काही बोलत असावं, सहज मागे वळावं, आणि हे हातभर अंतरावर उभे. मान किंचित डावीकडे कललेली, डोळे जमिनीवर.

कोल्हापुरात सिनेमाचे स्टुडिओ जोरात होते तेव्हा त्यातल्या एकात ते आवाज पकडायचं काम करत. पुढे तो स्टुडिओ बंद पडला आणि मास्तरांनी राजारामपुरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते, आणि शेजार नाही हाच त्यांच्या मते जागेचा मोठा गुण होता. पंधरा वर्षं हेडफोन लावून माणसांचे आवाज ऐकल्यामुळे त्यांचा कान विचित्र तयार झाला होता. गल्लीतल्या पानवाल्याला त्यांनी एकदा पान घेता घेता सांगितलं, "छातीचा फोटो काढून घ्या." पानवाला हसला. तीन महिन्यांनी तो सॅनेटोरियममध्ये होता. एका घरी लग्न ठरल्याचे पेढे वाटत होते, तिथे मुलीच्या तोंडून दोन वाक्यं ऐकून हे बापाला म्हणाले, "पोरीला विचारलंय का?" ते लग्न मोडलं, आणि त्या घरानं मास्तरांशी बोलणं सोडलं.

"बाई, माणूस वरनं बोलतंय," ते मला एकदा म्हणाले होते, "मी खालनं ऐकतो. त्यात माझा काय दोष हाय?"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती शाळेचा रेडिओ घेऊन. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, एकोणतीस वर्षांची होते, आणि माझ्या मते माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. रेडिओ टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "खरखर येते. बातम्या ऐकूच येत नाहीत." मास्तरांनी रेडिओकडे बघितलं नाही. बोळा काढून म्हणाले, "घरात कोण आजारी हाय?"

मी वळून दुकानात आणखी कुणी आहे का ते बघितलं. कारण घरात बाबा आजारी होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी चार महिने जिवाचं रान करत होते.

बाबा आमच्या मंडळीचे पाळक होते. आमचं चर्च जुनं, काळ्या दगडाचं, उंच छताचं. मिशनच्या पहिल्या लोकांनी बांधलेलं, आणि त्याच्या भिंतीला खिळा मारायचा नाही असा नियमच होता. तिथे बाबांनी सव्वीस वर्षं उपासना चालवली होती. त्यांचा आवाज असा होता, की शेवटच्या बाकावर बसलेल्या म्हातारीला वाटावं आपल्याशीच बोलताहेत. बाबा म्हणत, "मी बोलतो आणि मागची भिंत मला उत्तर देते. उत्तर आलं की समजायचं, सगळ्यांना मिळालं." त्या उन्हाळ्यात आवाज बसला. आधी सर्दी म्हटलं, मग धूळ म्हटलं, मग ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं. गावातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी टाकून बघितलं आणि म्हणाले, मिरजेला मोठ्या दवाखान्यात दाखवा. बाबांनी दिवाळीनंतरची तारीख ठरवली.

पण त्याच्या आतच पंचकाका बोलले. पंचकाका म्हणजे मंडळीच्या पंचांतले सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्त हेडमास्तर, कायम शेवटच्या बाकावर बसणारे. एका रविवारी दारात मला थांबवून म्हणाले, "मुली, साहेबांचं मागे काही पोचत नाही. जानेवारीच्या सभेत हा विषय मला काढावा लागेल." ते सौम्यपणे म्हणाले, पण अर्थ मला कळला. विषय निघाला म्हणजे बाबांना निवृत्त करणार. निवृत्त केलं म्हणजे पाळकांचं घर सोडायचं. आई त्याच घरात गेली होती. बाबांना तर व्यासपीठाशिवाय दुसरं काही करताच येत नव्हतं. त्यांना साधा कंदील पेटवता येत नसे. ते व्यासपीठ काढून घेतलं तर हा माणूस वर्षभर जगणार नाही, अशी माझी खात्री होती. आता विचार केला तर हसू येतं. मी कशाला घाबरले होते आणि खरी भीती कुठे बसली होती.

हे सगळं मी त्या दुकानात, रेडिओच्या उघड्या पोटासमोर उभी राहून, एका परक्या माणसाला सांगून टाकलं. सांगून झाल्यावर मास्तर म्हणाले, "कर्णा लावा की."

"बाबा लावू देणार नाहीत. देवाच्या घरात माणसानं आपल्या छातीनं बोलावं म्हणतात. आणि कर्णा दिसला की सगळ्यांना कळेल, का लागला ते."

"म्हंजे दिसाय नको." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "साहेबांनाबी कळाय नको?"

मी मानेनंच हो म्हटलं. खरं तर इथेच मी चुकले.

लपवणं हा मास्तरांचा जुना धंदा होता. सिनेमात माइक दिसला की दिग्दर्शक डोकं फोडून घेई, म्हणून यांनी तुळशीवृंदावनात माइक लपवले होते, चुलीच्या वैलात लपवले होते, एकदा तर सिंहासनावरच्या महाराजांच्या मंदिलात. चर्चमध्ये आल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या, मधोमध उभं राहून एकदाच टाळी वाजवली, आणि डोळे मिटून ती टाळी विरेपर्यंत बोटं मोजत राहिले. मग सगळ्या भिंतींना डॉक्टरांनी पोराच्या पाठीवर टकटक करावी तसं ठोठावून आले. "लई गुणाची जागा हाय," म्हणाले. "हिला दुखवायचं न्हाय."

त्या सालीच चर्चमध्ये वीज यायची होती. दिवे आणि चार पंखे, एवढं पंचांनी मंजूर केलं होतं, आणि ते काम मास्तरांनी घेतलं. बाबा पंधरा दिवस खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांना भेटी द्यायला गेले, आणि पंख्यांच्या नावाखाली मास्तर आपलं काम करत राहिले. व्यासपीठाच्या कठड्यावर द्राक्षवेलीचं जुनं कोरीवकाम होतं. त्यातल्या एका घोसामागे माइक गेला. शेवटच्या सहा बाकांखाली, फळीच्या मागे, लहान स्पीकर बसले. "कुणाच्या कानात वरडायचं न्हाय," मास्तर म्हणाले, "पायाशी बसून सांगायचं." गीतांना मी वाजवत असे ती पायपेटी व्यासपीठाच्या डाव्या अंगाला होती, तिच्यामागे अडगळीची खोली, आणि त्या खोलीत जुन्या गीतपुस्तकांच्या कपाटात अँप्लिफायर. झाकण उघडून काम करताना ते डावा हात पाठीमागे सदऱ्यात खोचून ठेवत. दोन्ही हात आत घातले तर वीज काळजातून जाते, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं, आणि पुढे दोन दिवस मला तेच डोळ्यांपुढे दिसत होतं.

वायर त्यांनी दगडांच्या सांध्यांतून नेली, आणि वरून जुन्या गवंड्यांसारखा चुना भरला. जुनं काम जुन्या पद्धतीनंच झाकायचं हा त्यांचा हट्ट. चुना, विटेची पूड, बेलफळाचा गर आणि गूळ. गूळ आमच्या कोल्हापूरचा, अस्सल, आणि मास्तरांचा हातही त्या बाबतीत सढळ. रंग असा जमला की मलाही सांधा सापडेना.

शनिवारी बाबा परत आले. दुपारी चर्चमध्ये गेले आणि मला हाक मारली. मी धावत गेले. बाबा भिंतीसमोर उभे होते. व्यासपीठाच्या पायापासून अडगळीच्या खोलीच्या दारापर्यंत लाल मुंग्यांची रांग लागली होती. सरळ, मग काटकोनात, मग पुन्हा सरळ. वायर जिथून गेली होती अगदी तिथून, कुणी नकाशा काढून द्यावा तशी.

"या एवढ्या मुंग्या कुठून आल्या?" बाबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कुणी मुलांनी चिक्की सांडली असेल," मी म्हणाले. पाळकाच्या मुलीला खोटं बोलायची सवय नसते. बाबा म्हणाले, "दगडातून मुंग्या चिक्की खातात होय?" आणि हसत निघून गेले. मी सायकलवर राजारामपुरी गाठली. मास्तरांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "माझ्या जल्मात आवाजानं मुंग्या आल्या न्हाईत." उजेड असेतो आम्ही दोघं ओल्या फडक्यानं ती भिंत पुसत होतो. वरून हळद लावली, रॉकेल लावलं. त्या रविवारी चर्चमध्ये रॉकेलचा वास आला, तो सगळ्यांनी नव्या विजेच्या नावावर खपवून घेतला.

वीज नवी आहे, उपासनेच्या वेळी माहितगार माणूस हजर पाहिजे, असं मी पंचांना पटवलं होतं. त्यामुळे दर रविवारी अडगळीच्या खोलीत, कपाटासमोर स्टुलावर, हेडफोन लावून मास्तर. आमच्या धर्माशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण बाबांचं प्रवचन त्यांच्याइतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नसेल. मी पायपेटीवर बसे ती दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून. माइक कधी शिट्टी घालतो हे मास्तरांनी मला सांगून ठेवलं होतं. घातलीच तर मी वरचा सूर दाबून धरायचा आणि चुकून हात पडला असं दाखवायचं. पहिल्या महिन्यात दोनदा ती वेळ आली. दोन्ही वेळा प्रार्थनेच्या मधे. दुसऱ्या वेळी बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मी गीतपुस्तकाची पानं उलटायला लागले.

पण काम मात्र जमलं होतं. मास्तरांनी आवाज एकदम वाढवला नाही. पहिल्या रविवारी नुसती फुंकर, दुसऱ्या रविवारी थोडा जास्त. मागच्या बाकांवरच्या एक म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या, "आजचं साहेबांचं वचन थेट गुडघ्यात शिरलं गं." पंचकाका दारात थांबून नुसते म्हणाले, "देवाची दया." मला वाटलं, जिंकलो.

आणि मग बाबा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर घरी आले ते टोपी न काढताच स्वयंपाकघरात आले. डोळे भरून आले होते. "भिंत बोलायला लागली," म्हणाले. "सहा महिन्यांनी उत्तर आलं. मी रोज रात्री मागत होतो, तुला सांगितलं नव्हतं." भिंत कशी बोलली ते आधी मला कळेना. मग ध्यानात आलं, की मागच्या भिंतीतल्या झरोक्यात मास्तरांनी एक स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. का, म्हणून मी तेव्हा विचारलंही होतं. "साहेबांना बरं वाटंल," असं ते म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मिरजेला पत्र टाकलं. आता तपासणीची गरज नाही, तारीख दुसऱ्या कुणा रोग्याला द्यावी.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवत होते. चहा देताना सांगायचं, जेवताना सांगायचं. पण सांगायचं काय? बाबा, तुमच्या प्रार्थनेचं उत्तर बाकाखाली खिळ्यानं ठोकलेलं आहे? घरात त्यांचा आवाज फाटकाच होता, पण ते हसून म्हणत, "घरात कशाला ताण द्यायचा? व्यासपीठावर उभा राहिलो की मिळतोच." त्यांचं गुणगुणणं, त्यांचं हसणं सगळं परत आलं होतं. सांगितलं तर ते जाईल ही भीती, न सांगितलं तर बाबाच जातील ही भीती. मी दोन्ही भीती उशाशी घेऊन झोपत होते आणि सकाळी शाळेत जाऊन मुलींना शुद्धलेखन घालत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मास्तर शाळेत आले. कधी आले कळलं नाही. फळा पुसून वळले तर दारात उभे. मुली मधल्या सुट्टीसाठी बाहेर गेल्या होत्या.

"बाई, सुरू केलं तवा बटण तीनवर होतं," ते म्हणाले. "परवा सातवर गेलं. दहाच्या पुढं आकडाच न्हाय."

मी फळ्याचं फडकं झटकत राहिले. त्यांच्यासमोर बोलायला मला धीर होत नव्हता.

"आन् आवाजाच्या मागं एक घासणं हाय. ओल्या कापडावर नख ओढल्यागत. पैल्यांदा शब्दाच्या शेवटाला यायचं, आता मधीबी येतंय. मी हे आदी ऐकलंय."

मग त्यांनी मला स्टुडिओतल्या एका गाणाऱ्या बाईंची गोष्ट सांगितली. त्यांच्या आवाजात मास्तरांना असंच काहीतरी ऐकू आलं होतं. सांगायचं सोडून यांनी माइक जवळ घेतला, थोडं हे वाढवलं, थोडं ते कापलं, आणि आवाज पहिल्यासारखा करून दिला. कंपनी खूश, बाई खूश. बाईंनी आपला आवाज पडद्यावर ऐकला आणि औषध बंद केलं. "पुढच्या पिच्चरला न्हवत्या त्या," मास्तर म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते. "माणसं म्हणत्यात, मी भाकीत करतो. त्या बाईपासनं मी लगीच सांगून टाकतो, एवढंच हाय."

"जानेवारीची सभा होऊ द्या," मी कशीबशी म्हणाले. "नाताळ होऊ द्या. मग मीच सांगेन."

त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "तुम्ही न्हाय सांगायच्या," ते म्हणाले. त्यांना ते ऐकू आलं होतं.

नाताळच्या आधीचा रविवार होता. चर्च भरलेलं, खेड्यांतून आलेली माणसं भिंतीला टेकून उभी. गीत झालं, वाचन झालं, बाबा प्रवचनाला उभे राहिले. सुरुवात छान झाली. पाचेक मिनिटांनी मला पाठीमागे, अडगळीच्या खोलीत, खटका पडल्याचा बारीक आवाज आला. इतका बारीक की तो फक्त माझ्यासाठीच असावा.

बाबांचं वाक्य अर्ध्यात संपलं. ओठ हलत होते, पण त्यातून निघत होतं ते पहिल्या बाकापर्यंतही जात नव्हतं. त्यांनी थांबून मागच्या भिंतीकडे बघितलं. घसा खाकरला, पुन्हा तेच वाक्य घेतलं. भिंत गप्प. तिसऱ्यांदा त्यांनी छाती भरून जोर लावला, आणि जो आवाज आला तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, आताही सांगणार नाही. माणसं पुढे वाकून बघायला लागली. मागून पंचकाका उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाबरलेपण होतं. "साहेब, काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तुम्हांला बरं वाटत नाही का?"

त्या क्षणी साउंडमास्तर माझ्यासमोर असते तर मी त्यांचा गळा धरला असता. मला कुणाचा इतका द्वेष कधी वाटला नाही. बाबांनी बायबल, आमचं शास्त्र, मिटलं आणि मला हातानं खूण केली. मी गीत सुरू केलं. कुठलं ते आठवत नाही.

उपासना कशीतरी उरकल्यावर बाबा थेट अडगळीच्या खोलीत आले. त्यांनाही तो खटका ऐकू आला असावा. कपाट उघडं होतं, आत व्हॉल्व्ह तांबूस जळत होते, आणि मास्तर उभे होते. मी दारात थिजले.

"मी केलंय, साहेब," मास्तर म्हणाले. "पंख्याच्या नावाखाली. कुणाला इचारलं न्हाय. बाईंनाबी ठाव न्हाय." मग बटण दाखवलं, आकडे दाखवले, कोणत्या रविवारी किती ते सांगितलं. बाबा एकेका आकड्याकडे बघत होते.

"का केलंत?" बाबा कुजबुजले.

"लपवायची हौस, साहेब. जुनी खोड हाय."

"आणि आज बंद का केलंत?"

"लई वर गेलतं. आता मिरजेला जावा."

बाबांनी त्या बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे ते उत्तर..." मी दारात होते. माझ्यापासून चार पावलांवर माझे वडील होते, आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोलले. मला भीती वाटली. याहून दुसरं कारण माझ्याकडे नाही, शोधूनही सापडलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी आठ दिवसांत शस्त्रक्रिया केली. जीव वाचला, आवाज गेला. अजून दोन महिने थांबले असते तर काहीच करता आलं नसतं, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. जानेवारीची सभा, जिला मी चार महिने घाबरून होते, ती अर्ध्या तासात संपली. पंचकाकांनीच उठून सांगितलं, की साहेबांना आवारातल्या दोन खोल्या कायमच्या द्याव्यात. सगळ्यांनी हात वर केले. इतकं सोपं होतं ते.

बाबा पाटीवर लिहून बोलायला शिकले. फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. "त्या गृहस्थांना सांगून ये, माझ्या मनात काही नाही. मी त्यांना क्षमा केली आहे."

मी राजारामपुरीला गेले. मास्तर एका रेडिओवर वाकलेले होते. मी निरोप सांगितला. त्यांनी बोळा काढून ठेवला होता, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाले, "बरं. मिळाली म्हणून सांगा."

"ती तुमची नाही," मी म्हणाले. "मी आज घरी जाऊन त्यांना खरं सांगणार आहे. तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

मास्तरांनी तारांना डाख द्यायची हातातली तापलेली सळई विटेवर ठेवली. त्यांना एवढं सलग बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. "बाई, मी साहेबांना वर्सातनं एकदाबी भेटणार न्हाय. माझ्यावर राग धरला काय, सोडला काय, त्यांचं काय अडतंय? पर त्यांचा आवाज गेलाय. आता घरात आवाज म्हंजे तुमचाच की. त्योच खोटा निघाला तर त्यांनी दिवसभर ऐकायचं काय?" मग थोडं थांबून म्हणाले, "सांगू नका. आन् बोलताना जपा. आता ते नुसतं ऐकत बसणार हाईत. माणसाचा कान तयार व्हायला लई दिवस लागत न्हाईत."

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि मी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी मी त्यांना शास्त्र मोठ्यानं वाचून दाखवत असे, कारण तेवढंच त्यांना हवं असायचं. ते आरामखुर्चीत डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकत. मी शब्द न् शब्द सांभाळून वाची. एखाद्या दिवशी वाचता वाचता ते डोळे उघडून माझ्याकडे बघायचे, आणि माझी ओळ चुकायची. ते काही लिहीत नसत. पाटी मांडीवर तशीच असे. मी पाणी पिऊन ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेई.